बऱ्याच वर्षांनी कुमसाराला जाताना

लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला, वाटणी घेऊन घर सोडलेला आणि ती उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरं राखत असतानाच बापापुढे काय बोलायचं ते ठरवून ठेवतो. तीन वाक्यं आहेत: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिली दोन तो म्हणतो. तिसरं तोंडातून निघायच्या आत बाप चाकरांना कामाला लावतो: झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पुष्ट वासरू कापा. मजुरीवर राहायचा प्रस्ताव ऐकूनच घेतला जात नाही.

चर्चपासून दहा-वीस वर्षं दूर राहिलेली कॅथलिक माणसं परत यायचं म्हणतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात तेच तिसरं वाक्य असतं. आधी दारू सुटू दे, मग जाईन. सहा महिने दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातो, मग कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करतो. म्हणजे आधी थोडी मजुरी करून दाखवायची आणि मग मुलगा म्हणून आत जायचं. ख्रिस्ती शिकवणीत हा क्रम उलटा आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो (5:8); प्रेमाची सुरुवात देवाकडून झाली, असं योहानाचं पहिलं पत्र सांगतं (4:10). सुधारून झाल्यावर क्षमा मागायला जायचं असतं, तर कुमसाराच्या संस्काराची गरजच उरली नसती. पुढचे सगळे नियम, अगदी कॅनन कायद्यातले (कॅथलिक चर्चच्या कायद्यातले) रुक्ष वाटणारेसुद्धा, याच क्रमाने वाचावे लागतात.

पश्चात्ताप म्हणजे नेमकं काय हे 1551 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने स्पष्ट केलं: केलेल्या पापाबद्दल दुःख, त्याचा तिटकारा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. डोळ्यांत पाणी यायलाच हवं असं त्यात कुठेही नाही. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप तो परिपूर्ण; शिक्षेच्या भीतीने किंवा पापाची किळस वाटून झालेला तो अपूर्ण. पण अपूर्ण पश्चात्तापही संस्कारात चालतो. 'माझ्या मनात देवाबद्दल प्रेमच दाटून येत नाही, मग जाऊन काय उपयोग?' असं म्हणत बाहेर थांबलेल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फादर उपलब्धच नसतील तेव्हा काय, याचंही उत्तर जुनंच आहे: परिपूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच कुमसार करण्याचा पक्का निश्चय असेल तर गंभीर पापांचीही क्षमा मिळते. मार्च 2020 मध्ये चर्च बंद असताना पोप फ्रान्सिस यांनी हेच पुन्हा सांगितलं होतं.

खरा फरक कुठे पडतो ते येशूचे दोन शिष्य, त्याला शत्रूंच्या हाती देणारा यहूदा इस्कर्योत आणि पेत्र, यांना शेजारी ठेवून पाहावं. मत्तयाच्या 27 व्या अध्यायात यहूदाला पस्तावा होतो. 'मी निर्दोष रक्त धरून दिलं, पाप केलं,' असं तो उघड कबूल करतो. त्याबद्दल मिळालेले तीस रुपयेही मंदिरात परत फेकतो. दुःख, कबुली, भरपाई: कागदावर तिन्ही गोष्टी पूर्ण! पण तो जातो मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणतात, 'आम्हाला त्याचं काय? तुझं तू बघ.' पेत्राने येशूला तीनदा नाकारलं आणि नंतर तो फक्त रडला. भरपाई म्हणून त्याच्याकडे काही नव्हतं. मात्र ज्याला नाकारलं तो किनाऱ्यावर दिसताच त्याने तळ्यात उडी टाकली. तिथे कोळशाच्या विस्तवाशेजारी येशू त्याला तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रेम करतोस का?' हिशेब मागत नाही, मेंढरं सोपवतो. पौल करिंथकरांना लिहितो की देवाकडे नेणारं दुःख तारणाकडे नेतं आणि जगाचं दुःख मरणाकडे (दुसरं पत्र, 7:10). त्याचं याहून स्पष्ट उदाहरण नव्या करारात सापडणं कठीण.

आता प्रत्यक्ष तयारी. आदल्या रात्री अर्धा तास शांत बसणं पुरतं. आठवडाभर स्वतःला कुरतडत राहायची गरज नाही. दहा आज्ञा क्रमाने घ्याव्यात. सहाव्या आज्ञेवर (व्यभिचार करू नको) बहुतेकांची गाडी अडते आणि सातवी-आठवी (चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको) नुसती ओझरती जाते, म्हणून तिथे मुद्दाम थांबावं: घरकामाच्या बाईचा अडवलेला पगार, वाटणीच्या जमिनीवरून भावाशी बंद झालेलं बोलणं, सामायिक विहिरीची खोटी कागदपत्रं, गावात पसरवलेली एखाद्या मुलीची बदनामी. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर असणं, ती तशी आहे हे पूर्ण माहीत असणं आणि स्वतःच्या मर्जीने केलेली असणं. आजारपणामुळे चुकलेली मिस्सा यात बसत नाही. कंटाळा करून वर्षानुवर्षं चुकवलेली बसते.

कॅनन 988 प्रमाणे गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या दोन्ही सांगायची असतात. संख्या म्हटलं की लोक घाबरतात. पंधरा वर्षांचे रविवार मोजत कोणी बसत नाही. 'लग्न-मयत सोडलं तर साधारण पंधरा वर्षं मिस्साला गेलो नाही' हे पुरेसं आहे. 'काही चुका झाल्या असतील, माणूस आहे' हे पुरेसं नाही. त्यातून फादरांना काहीच कळत नाही आणि सांगणाऱ्याचंही काही सुटत नाही. विसरायची भीती असेल तर चिठ्ठी न्यावी, नंतर फाडून टाकावी. मोबाइलवर टिपणं न केलेलीच बरी.

वेळ नीट निवडावी. रविवारच्या मिस्साआधीची दहा मिनिटं यासाठी सगळ्यात वाईट. पवित्र आठवड्यातली (ईस्टरआधीच्या आठवड्यातली) रांग त्याखालोखाल, कारण मागे चाळीस माणसं उभी असताना पंधरा वर्षं उलगडता येत नाहीत. धर्मग्रामाच्या (आपल्या स्थानिक चर्चच्या) कार्यालयात फोन करून 'बरीच वर्षं झाली आहेत, वेगळा वेळ हवा आहे' एवढं सांगावं. गावचे फादर घरच्या ओळखीतले असल्याने तोंड उघडत नसेल, तर वसईच्या माणसाने वांद्र्याला किंवा पुण्यातल्याने नाशिकला जावं. ऐकण्याचा अधिकार असलेला कोणताही धर्मगुरू निवडायची मोकळीक कॅनन 991 देतो. परदेशात भाषा आड येत असेल तर दुभाषा घेता येतो आणि गुप्ततेचं बंधन त्यालाही लागू होतं. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मात्र पापमुक्ती घेता येत नाही. समोरासमोर बसायचं की जाळीआडून बोलायचं हे तुम्ही ठरवायचं. जाळीची ती पेटी येशूच्या काळातली नव्हे. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली.

आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची आणि पहिलंच वाक्य असं: 'फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कुमसार अमुक वर्षांपूर्वी झालं. मला पद्धत आठवत नाही, मदत करा.' शेवटचं वाक्य आवर्जून म्हणावं. त्यानंतर कोणताही जाणता फादर स्वतःच प्रश्न विचारत पुढे नेतो. सगळ्यात जड गोष्ट आधी सांगून टाकावी. ती शेवटी ठेवली की बाकीचं सांगताना धीर संपतो आणि ती राहून जाते. आपली पापं सांगायची, सासूची किंवा नवऱ्याची नाहीत. फार तर एका वाक्यात कारण, लांबलचक कहाणी नको. मग फादर दोन शब्द सांगतात, प्रायश्चित्त देतात, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणता. पाठ नसेल तर 'देवा, मला क्षमा कर, तुझ्या कृपेने मी हे पुन्हा करणार नाही' एवढंही चालतं. त्यानंतर डोक्यावर किंवा डोक्याच्या दिशेने हात धरून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पापमुक्ती दिली जाते. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

बिघडतं कुठे? एखादं गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर कुमसार निष्फळ ठरतं आणि पुढच्या वेळी तेही धरून सगळं पुन्हा सांगावं लागतं. विसरून राहिलं तर क्षमा झालेलीच असते. पुढच्या वेळी आठवणीने उल्लेख करायचा, बस. हे दोन प्रकार सर्रास एकमेकांत मिसळले जातात आणि मग माणूस मिस्साला उभा असताना 'ते राहिलं' म्हणून परत धावतो. दर दोन दिवसांनी तीच पापं सांगावीशी वाटणं हा वेगळाच त्रास आहे. त्यावर जुना आणि अजूनही उत्तम उपाय म्हणजे कुमसार ऐकणारा एकच फादर ठरवून त्याचं ऐकणं, तो 'पुरे' म्हणाला की पुरे. 'पुन्हा तीच चूक होणारच, मग निश्चय खोटाच ना?' ही शंकाही नेहमीची. आज मनापासून न करण्याची इच्छा आहे आणि निदान एक ठोस पाऊल ठरवलं आहे, एवढंच निश्चयात येतं. भविष्याची हमी त्यात येत नाही. पाऊल मात्र ठोसच हवं: तो गुत्ता टाळून दुसऱ्या रस्त्याने घरी जाणं, तो नंबर पुसून टाकणं.

'माझं पाप फार मोठं आहे' असं सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचं ओझं वागवणाऱ्या अनेक असतात. या पापातून मुक्त करण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 पासून सगळ्याच धर्मगुरूंना कायमचा दिला. मध्यंतरी दुसऱ्या पंथात गेलेल्या किंवा श्रद्धा उघडपणे सोडलेल्या माणसाने ते सुरुवातीलाच सांगावं, कारण त्यासाठी कधीकधी बिशपांपर्यंत जावं लागतं. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, तो एकदाच. आणि सांगितलेलं बाहेर जाईल ही भीती असेल तर कॅनन 983 वाचावा. गुप्तता मोडणं कोणत्याही कारणाने चालत नाही, आणि ती थेट मोडणाऱ्या धर्मगुरूवर आपोआप बहिष्काराची शिक्षा लागते, जी उठवण्याचा अधिकार फक्त रोमकडे आहे.

प्रायश्चित्त म्हणून मिळालेल्या तीन 'नमो मारिया' (मरियेची छोटी प्रार्थना) अनेकांना फारच स्वस्त वाटतात. वाटू द्यावं, तो दंड नव्हे. ताप उतरला तरी अशक्तपणा काही दिवस राहतो, तसं पापमुक्तीनंतर पापाने केलेलं नुकसान राहतं आणि ते भरून काढायला हात लावावाच लागतो. मोशेच्या नियमशास्त्रात, बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात, पाप कबूल करणं आणि घेतलेलं एक पंचमांश जास्त घालून परत देणं ही एकाच वाक्यातली दोन कामं आहेत. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय तर चौपट देतो म्हणाला, तेही येशू घरी येतो म्हणाल्यावर. पंगत आधी, परतफेड नंतर. चोरलेले पैसे मालकाला द्यायचे, नाव न सांगता दिले तरी चालतं. मालक हयात नसेल तर वारसांना, कोणीच सापडलं नाही तर गरिबांना. बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच खोडून काढायची, चर्चमध्ये मेणबत्ती लावून ती फिटत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात परतणाऱ्यांची गाडी सगळ्यात जास्त अडते ती लग्नापाशी. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न झालं, जोडीदार हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम, धर्मप्रांताची (बिशपांच्या कार्यालयाची) परवानगी घेतलेली नाही. चर्चच्या दृष्टीने ते लग्न वैध धरलं जात नाही, म्हणून कुमसाराच्या पेटीत अचानक हा विषय काढण्याऐवजी आधी धर्मग्रामाच्या प्रमुख फादरांशी बसून बोलावं. दोन वाटा आहेत. पहिली, चर्चमध्ये साधेपणाने संमती पुन्हा देणं. दोन साक्षीदार लागतात, मंडप-बँड काही लागत नाही. दुसरी, जोडीदार चर्चमध्ये उभा राहायला तयार नसेल पण संसार नीट चालू असेल, तर बिशप कागदोपत्री ते लग्न मुळापासून वैध करू शकतात, पुन्हा संमती न घेता. कागद म्हणून बाप्तिस्म्याचा ताजा उतारा, रजिस्टर लग्नाचा दाखला, आणि आपली श्रद्धा सांभाळीन व मुलांना त्यात वाढवण्याचा शक्य तितका प्रयत्न करीन हे कॅथलिक जोडीदाराचं लेखी वचन लागतं. उतारा जुना चालत नाही, कारण त्याच्या समासात नंतरच्या नोंदी असतात. पहिलं लग्न मोडून दुसरं झालं असेल तर प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायालयात जातं आणि वेळ लागतो. तोवर मिस्साला यायचं, प्रार्थना करायची, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवायचं. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर घेणं) तेवढं थांबतं. थांबणं टोचतं हे खरं, पण म्हणून दाराबाहेर उभं राहायचं कारण नाही.

सुरुवातीच्या त्या दाखल्यातला, धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ धर्मग्रामात आजही भेटतो. 'अरे वा, आज वाट चुकलास काय?' हे वाक्य मिस्सा सुटल्यावर अंगणात ऐकून परत गेलेली माणसं आहेत. बाप त्या थोरल्यासाठीही घराबाहेर येऊन विनवणी करतो, आणि तो आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. घरच्यांनी एवढं करावं: सोबत जायचं असेल तर जावं, मागच्या बाकावर बसावं, आणि परत आलेला माणूस बाहेर आला की काय सांगितलं, किती वेळ लागला, काय प्रायश्चित्त मिळालं यातलं काहीही विचारू नये. घरी त्या दिवशी त्याला आवडतं ते जेवण करावं.