लायनर बदलायचा, पण आत्ता नाही

मे महिना अर्धा सरला होता. बावधनहून काकांचा फोन आला, त्यांच्या पोहण्याच्या तलावाबद्दल. "रोज पाणी सोडतोय, तरी सकाळी वरची पायरी उघडी पडते. लायनरला बारा वर्षं झालीत. याच आठवड्यात बदलून टाका, पाऊस यायच्या आत मोकळे होऊ."

बारा वर्षं हे व्हिनाइल लायनरचं चांगलंच वय झालं. तलावाच्या आतून बसवलेलं, पाणी धरून ठेवणारं पाऊण मिलिमीटर जाडीचं ते प्लास्टिकचं अस्तर, नीट जपलं तर दहा-बारा वर्षं टिकतं. पण नुसतं वय ऐकून मी कधी लायनर उतरवत नाही. क्लोरीनच्या गोळ्या थेट तळावर टाकून सात वर्षांत संपवलेले लायनर मी पाहिलेत. त्यामुळे आधी पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं आणि मग लायनरला हात लावून बघायचं, हा माझा क्रम.

काकांचा तलाव दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, सरासरी खोली 1.4 मीटर. म्हणजे साधारण 70 हजार लिटर. गुडघ्यांसाठी काका रोज सकाळी त्यात अर्धा तास चालतात. काकूंनी चहा ठेवला तोवर मी पायरीवर बादली ठेवली. तिच्यात तलावाचंच पाणी भरलं, आतली आणि बाहेरची पातळी पेन्सिलीने आखली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी 8 मिलिमीटर उतरलं होतं. पुण्याच्या मे महिन्यातल्या उन्हाने तेवढं जाणारच. तलावातलं मात्र 25 उतरलं होतं. फरक 17 मिलिमीटरचा, म्हणजे दिवसाला 850 लिटर जमिनीत! पंप बंद ठेवून पुढच्या दिवशी परत मोजलं, फरक तोच आला. याचा अर्थ पंपाच्या दाबावर चालणारी पाइपलाइन बहुतेक ठीक होती.

तिसऱ्या दिवशी पंप बंद ठेवून पाणी अगदी निवांत होऊ दिलं आणि सिरिंजमध्ये खायचा लाल रंग भरून मी पाण्यात उतरलो. पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी रंग जागेवरच तरंगत राहिला. भिंतीतल्या पाण्याखालच्या दिव्याच्या रिंगशी आलो, तर लाल रेघ सरळ एका स्क्रूच्या बाजूने आत ओढली गेली. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी मधली चकती, गेलं होतं. एवढंच असतं तर काकांना आनंदाची बातमी देऊन मी घरी गेलो असतो. पण उथळ बाजूला पायरीच्या खालच्या कोपऱ्यात जोडापाशी रंग पुन्हा ओढला गेला, आणि तिथे पाय ठेवला तर तळ खाली दबला. लायनरखालचा थर धुऊन चालला होता.

मग वर येऊन पाण्याच्या रेषेवरची पट्टी तपासली. लायनरचं खरं वय तिथे कळतं. व्हिनाइलला मऊ ठेवणारा जो घटक असतो तो ऊन आणि क्लोरीन हळूहळू काढून घेतात. पाण्याखालचा भाग अजून लवचीक वाटतो, वरचा आधी करपतो. मी अंगठ्याने दाबलं, पट्टी परत फुगली नाही. कोपऱ्यात काठाच्या खाचेत बसणारी कड थोडी ओढली, तर सुक्या पापडासारखा टवका हातात आला. काकांच्या तळहातावर तो ठेवला. त्यांनी बोटांनी मोडून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

लायनर संपला होता, यात शंका नव्हती. तरी मी म्हणालो, "काका, बदलायचा, पण आत्ता नाही. दसरा झाल्यावर."

ते चिडले. "मग तोवर रिकामा करून ठेवा. मे महिन्यात टँकरचं पाणी असं जमिनीत घालवायचं मला पटत नाही."

ते मलाही पटत नव्हतं. पण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, शेवाळाचे डाग काढायला म्हणून मी एका ठिकाणी जुना लायनर रिकामा केला आणि तीन दिवस एप्रिलच्या उन्हात तसाच ठेवला. तो आकसला. पाणी भरताना कोपरा ताणला गेला आणि जोडावरून हातभर फाटला. ते नुकसान माझं होतं, मी भरून दिलं. त्या दिवसापासून जुन्या लायनरचं पाणी मी पूर्ण काढत नाही, नवा दारात येऊन पडल्याशिवाय तर नाहीच.

नवा लायनर मापाने बनवून यायला काही आठवडे लागणार होते, आणि दहा जूनच्या आसपास पुण्यात पाऊस येतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं. तलाव भरलेला असेल तर आतलं वजन ते पाणी थोपवून धरतं. रिकाम्या तलावात तेच पाणी भिंतींना आत रेटतं आणि लायनर तळावरून उचलतं. हे सगळं मी त्यांना अंगणातल्या मातीत काडीने काढून दाखवलं. काकूच मधे म्हणाल्या, "अहो, ऐका त्यांचं. चार महिने तर आहेत."

दिव्याचं गॅस्केट बदललं. कोपऱ्यासाठी व्हिनाइलचा तुकडा कात्रीने गोल कापला (टोक राहिलं की तिथूनच सुटायला लागतं), पाण्याखाली चालणारा गोंद लावून बसवला आणि वर वाळूची पिशवी दिवसभर ठेवली. पावसाळाभर पीएच 7.2 ते 7.6 च्या मध्ये ठेवा, क्लोरीन पाण्यात विरघळवूनच घाला, एवढं सांगून निघालो.

ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम, कारण व्हिनाइल गरम असलं की सुरकुती न पडता ताणून बसतं. जुना लायनर उतरवला तेव्हा त्या कोपऱ्याखाली वीतभर रुंद, चार बोटं खोल खळगा निघाला. तो भरून तळ पुन्हा घोटला. नवा लायनर खाचेत अडकवला, मागची हवा ब्लोअरने खेचली आणि पहिली फूटभर पातळी येईपर्यंत अनवाणी पायांनी एकेक सुरकुती भिंतीकडे सरकवली. सात टँकर लागले.

दुसऱ्या सकाळी मी पोहोचायच्या आधीच काकांनी पायरीवर बादली ठेवलेली होती. चोवीस तासांनी त्यांचा फोन आला. "बादलीत 5, तलावातही 5. मी पाण्यात उतरतोय."