थांब, माझा कॉल चालू आहे

मंगळवार, रात्री अकरा

आज मी कावळा, बबडी चिमणी. भूमिकावाटप तीच करते आणि माझ्या वाट्याला कायम कावळाच येतो. जेवणाच्या टेबलाखाली जुनी ओढणी सोडून तिचं मेणाचं घर. माझं शेणाचं घर वाहून गेलेलं, म्हणून मी बाहेर फरशीवर उकिडवी.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड."

"थांब, माझा कॉल चालू आहे."

मला हसू फुटलं. पुन्हा हाक मारली.

"थांब. पाच मिनिटं. पाच मिनिटं म्हटलं ना?"

तो शेवटचा 'ना' हुबेहूब माझा. तसाच ओढलेला, वैतागलेला. मग हसू आलं नाही.

ती झोपल्यावर ओटा आवरताना गोष्ट डोक्यात घोळत राहिली. खऱ्या गोष्टीतली चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. दारात पाहुणा भिजत राहिला तरी चालेल, बाळाचं आधी. लहानपणी मला त्या चिमणीचा राग यायचा. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या रिंगला दार उघडतं. ओढणीबाहेर उभं असतं ते बाळच.

बुधवार

अपराधी वाटलं की मी वेळापत्रक करते. सात ते साडेसात, 'बबडीचा वेळ', मोबाइलमध्ये अलार्मसकट. बरोबर सातला खडू, कागद मांडून तिला हाक मारली. बाईसाहेब बाटल्यांची झाकणं भिंतीशी रांगेत लावत होत्या. मान वर न करता म्हणाली, "मला आत्ता वेळ नाही."

सव्वाचार वर्षांची आहे!

शुक्रवार

आत्याचा फोन. तीस वर्षं बालवाडीत शिकवलंय तिने, त्यामुळे तिच्याशी बोलताना मीच बालवर्गात असल्यासारखी बसते. बुधवारचं सांगितलं तर खो खो हसली. म्हणाली, "अगं, ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ साली काय केलं? पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. आणि तू घरातल्या घरात तिला हाका मारत बसलीयेस!"

संध्याकाळी खडू नाही काढले. झाकणांच्या रांगेशेजारी जाऊन मांडी घातली. गप्प बसणं मला फार अवघड जातं. 'हा कुठला रंग गं?' ओठांवर आलेलं दोनदा गिळलं. दहाएक मिनिटांनी तिने एक निळं झाकण माझ्या तळव्यावर ठेवलं.

"याला धर. याच्याजवळ कोणी डबा खायला बसत नाही."

"मग हा काय करतो?"

"पोळीचा रोल पटकन संपवतो आणि खिडकीतून बघतो."

पोळीचा रोल मीच देते तिला. पोटात खड्डा पडला. उद्याच शाळेत जाऊन बाईंना विचारावं, वर्गातल्या आयांना फोन लावावेत, सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. तोंडाने एवढंच म्हटलं, "वाईट वाटत असेल याला." तिने मान डोलावली, निळं झाकण परत घेतलं आणि लाल झाकणाला चिकटवून ठेवलं. मग माझ्या मांडीवर डोकं टेकवून बाकीची झाकणं मोजू लागली. सातानंतर नऊ. मी दुरुस्त केलं नाही.

रोज 'आज शाळेत काय केलं?' विचारते मी. उत्तर ठरलेलं: "काही नाही."

शनिवार

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा १९७० च्या दशकातला प्रयोग वाचला. आई बाळाशी खेळता खेळता काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हातवारे करतं, आणि आई काही केल्या बधत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. मोबाइल बघतानाचा माझा चेहरा कसा दिसत असेल, हे आठवायची हिंमत झाली नाही. पण त्यांनीच म्हटलंय की चांगल्या मायलेकरांचेही सूर सारखे सारखे चुकतात. ते पुन्हा जुळवून घेणं महत्त्वाचं. हे वाचून जरा जेवण गोड लागलं.

रविवार

पुन्हा कावळा.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड."

ओढणी बोटभर सरकली. एक डोळा दिसला. "फोन कुठाय?"

चपलांशेजारी ठेवून आले, तेव्हा कुठे आत घेतलं. टेबलाखाली दोघींना बसता येत नाही, माझी मान अजून अवघडलेली आहे. फोन दोनदा वाजला. पहिल्यांदा नाही उठले. दुसऱ्यांदा उठले, गॅस सिलिंडरवाला होता.

"लवकर ये," चिऊताई म्हणाली, "बाळाला तीट लावायचीय."