मालगुडीचा सूर, म्हापशाची कॅसेट

आमच्या वाड्यावरच्या मुलांनी यंदा चतुर्थीला मंडपात ‘मालगुडी डेज’मधल्या स्वामी या शाळकरी मुलाच्या गोष्टीचं नाटक करायचं ठरवलं आणि सामान जमवायचं काम माझ्याकडे आलं. ‘मालगुडी डेज’वर माझा जीव आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. १९८६ साली दूरदर्शनवर आलेली शंकर नागांची ती मालिका मी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून बघितली होती.

वस्तू फारशा अवघड गेल्या नाहीत. पत्र्याची ट्रंक आणि कंदील आमच्याच माळ्यावर निघाले. दगडी पाटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली. मूळ गोष्टीत स्वामीला काठीने पळवायची कडी हवी असते आणि तिच्यापायी टांगेवाला त्याला फसवतो. ती कडी मात्र नवी, चकचकीत घेऊन चालणार नव्हती. शेवटी फोंड्याजवळच्या एका काजूच्या भट्टीवर मोडलेलं लाकडी पिंप दिसलं. त्याचा लोखंडी पट्टा मालकाने तसाच देऊन टाकला, वर म्हणाला, “पोरांक खेळूंक दी.” गंजलेला, किंचित वाकडा, अगदी हवा तसा.

खरी पायपीट झाली ती संगीतासाठी. शीर्षकाची ती गुणगुण एल. वैद्यनाथन यांची, व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम आणि एल. शंकर यांच्या थोरल्या भावाची. शब्द नाहीत, नुसते आवाज, तरी त्यात अख्खं गाव उभं राहतं. इंटरनेटवर भाग आहेत, पण मला मिळालेला आवाज मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर चिरकत होता. मग म्हापशाचे मामा आठवले. त्यांनी तेव्हा टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातून वायर थेट टेपरेकॉर्डरला जोडून शीर्षकधून भरून घेतली होती.

कॅसेट सापडली, पण गोव्याच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढलेली, आणि फीत टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागावर, दाबून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडलेला. अशी कॅसेट तशीच लावू नये, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. मी एका नव्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटची फीत काढली आणि तिच्या खोक्यात मामांची बसवली. मऊ कापडाच्या घडीत फीत धरून पेन्सिलीने हळूहळू गुंडाळली. हेड स्पिरिटने पुसलं. तीन संध्याकाळी गेल्या.

वाजली! पण भजनी मंडळाच्या पेटीवर ताडून बघितलं तर सूर उतरलेला. मशीनचा रबरी पट्टा सैल झाला होता. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी, ती मागे पडत होती. पणजीत एका दुरुस्तीवाल्याने पट्टा पाहून अख्खं मशीनच बदलायला सांगितलं, ते मला अजून खटकतं. मडगावात दुसऱ्याने तो पट्टा दहा मिनिटांत बदलून दिला आणि सूर जागेवर आला.

एक उणीव उरली. मामांनी बटण उशिरा दाबलं होतं, सुरुवातीची ओळच नाही. “तेवढं माझं चुकलं गो,” मामा हळहळले.

ती ओळ आता मुलंच म्हणतात. पेटीवाले काका सूर देतात, पडद्यामागून सातजण गुणगुणतात, ओळ संपता संपता मी बटण दाबते, आणि कडी पळवत स्वामी मंडपात येतो.