फोटो सोडा की!

२०१६ साली कॅमेरा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने दोन खोकी समोर ठेवली. कॅननचा १२००डी आणि नुकताच आलेला १३००डी. दोन्ही १८ मेगापिक्सेलचे, सोबतची लेन्सही सारखीच. माझ्या नजरेत भरलेला फरक एकच, नव्यात वायफाय होतं. "कॅमेऱ्याला वायफाय कशाला? मला काय त्यावर मेल बघायचेत?" असं म्हणून मी जुना उचलला आणि वाचलेल्या पैशांत ट्रायपॉड घेतला. हा विनोद पुढे तीन वर्षं मी येईल त्याला ऐकवला. भिगवणला जाईपर्यंत.

फेब्रुवारीत मी आणि भाचा पहाटे चारला पुण्यातून निघालो आणि उजाडता उजाडता भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावर पोचलो. उजनी धरणाचं पाणी उतरून चिखल उघडा पडला होता. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे तर हेच दिवस. होडीवाल्याने लांबूनच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटत नेली. शे-दीडशे पक्षी माना खाली घालून चिखल चाळत होते. मग काय झालं कुणास ठाऊक, सगळे एकदम पाण्यावरून धावत सुटले आणि उडाले. पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग! नेमका त्याच क्षणी मी वळलो, कारण होडीवालाही मान वर करून बघत होता. रोजचंच असून. बांबू हातात, मागे उडणारी रांग. क्लिक.

त्याला स्क्रीनवर दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, हा मला सोडा की व्हॉट्सॲपला."

"घरी गेल्यावर पाठवतो."

"सगळी तसंच म्हणत्यात." हसला, पण बांबू जरा जोरातच रुतवला. "धा वर्सं होडी चालवतोय. एवढाले मोठाले कॅमेरे येत्यात. माझा एक फोटो न्हाई माझ्याकडं."

मी गप्प. भाच्याच्या कॅमेऱ्यात वायफाय होतं. त्याने ऐटीत दुसरा फोटो काढला आणि फोनवर कॅमेऱ्याचं ॲप उघडलं. कॅमेरा स्वतःचंच नेटवर्क सोडतो, फोन त्याला जोडायचा. फोन जोडला जायचा, या नेटवर्कवर इंटरनेट नाही असं त्याच्या लक्षात यायचं आणि परत मोबाइल डेटावर उडी मारायचा. पाच वेळा हेच. बॅटरीची एक कांडी गेली. शेवटी डेटा बंद केल्यावर जोडणी टिकली, पण भाचा सगळे फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फायलींत, काढत होता आणि त्या फायली ॲप घ्यायला तयार नव्हतं. वायफाय असूनही आमची होडी तिथेच.

मेमरी कार्ड थेट फोनला जोडायचा रीडर माझ्याकडे होता. काही शे रुपयांचा, वायफायपेक्षा जलद, पूर्ण आकाराचा फोटो देणारा. घरी, टेबलाच्या खणात.

मग मी तेच केलं जे फोटोग्राफीच्या ग्रुपवर कुणी केलं तर मीच नाक मुरडतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच फोनने फोटो काढला. त्यावर आडव्या रेघा, खाली शटर स्पीडचे आकडे, कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची सावली. रेंज एक काडी. काठाला लागता लागता निळ्या टिक्स आल्या आणि त्याने तिथेच, चिखलात उभा राहून, तो डीपीला लावला. बायकोला फोन करून "बघ" म्हणाला.

नंतरचं जेवण, चुलीवरची चिलापी मासळी, वाटेतला ट्रॅफिक, सगळं ठीकच.

आता कुणी विचारलं, वायफायवाला घेऊ का, तर मी हो म्हणतो. पण पक्ष्यांसाठी नाही. पक्षी काही नंबर देत नाहीत. आणि घेतलात तर घरीच फोनला जोडून बघा, रॉसोबत जेपेगही (फोनवर सहज उघडणारा नेहमीचा फोटो) काढायला लावा. आम्ही होडीत शिकलो.

खरा फोटो मी पाठवला, पण दोन महिन्यांनी. 'घरी गेल्यावर'ची माझी लांबी तेवढी निघाली. त्याचा अंगठा आला. डीपी मात्र अजून तोच आहे, रेघांचा, माझ्या अंगठ्यासकट.