निर्बंधांनी देश मोडतो की घडतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. प्रश्न जवळपास नेहमी असाच येतो: ‘एखाद्या देशावर लादलेल्या आर्थिक निर्बंधांचा काही उपयोग होतो का, की उलट त्यामुळेच देश स्वयंपूर्ण होतो?’ विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं, कारण ते कुठल्या तरी वादात समोरच्याच्या तोंडावर मारायचं असतं. तसं उत्तर माझ्याकडे नाही. पण निर्बंध कशावर आहे आणि ती वस्तू बनवायला लागणारा माल कुठून येतो, एवढं कळलं तर बरंच काही सांगता येतं.

रुबल या रशियाच्या चलनापासून सुरुवात करू, कारण दोन्ही बाजूंनी सगळ्यात जास्त ओढाताण त्याचीच केली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर 2022 च्या फेब्रुवारीअखेर रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशातली सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली गेली. मार्चमध्ये एका डॉलरला 120 च्या आसपास रुबल पडू लागले, तेव्हा एका बाजूने ‘रशिया संपला’ म्हणून जाहीर केलं. जूनमध्ये तोच दर साठच्या खाली आला आणि दुसरी बाजू ‘निर्बंध फुसके’ म्हणून नाचली. मध्ये काय घडलं होतं? व्याजदर एका फटक्यात 9.5 वरून 20 टक्क्यांवर नेला. निर्यातदारांना मिळालेल्या परकीय चलनातलं 80 टक्के विकण्याची सक्ती झाली. पैसा बाहेर नेण्यावर बंधनं आली. तेल आणि वायूचे डॉलर मात्र येत राहिले, आणि आयात आटली. डॉलर घेऊन आणायला मालच नाही म्हटल्यावर डॉलरला गिऱ्हाईक कुठून असणार? म्हणजे रुबल वधारला त्यात निर्बंध लागू पडल्याचाही हात होता. त्याच जूनमध्ये लाडा ग्रांटा ही गाडी एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) यांच्याशिवाय कारखान्यातून बाहेर पडत होती. निर्बंधांचा परिणाम शोधायचा तर चलनबाजारापेक्षा अशा ठिकाणी आधी बघावं.

एखाद्या देशाच्या बँकांना स्विफ्टमधून वगळलं की पैसेच अडतात, हाही बराच पसरलेला गैरसमज आहे. बेल्जियममधली ही संस्था पैसे हलवत नाही, फक्त बँकांमधले निरोप पोचवते. निरोप दुसऱ्या मार्गानेही जातात, थोडे हळू आणि महाग पडतात इतकंच. खरा चाप आहे तो डॉलरच्या व्यवहारांवर, कारण ते शेवटी अमेरिकेतल्या बँकांच्या खात्यांमधून वळतात. बीएनपी पारिबा ही बँक फ्रान्सची. पण सुदान, इराण आणि क्युबासाठीचे व्यवहार अमेरिकेच्या यंत्रणेतून फिरवल्याबद्दल 2014 साली तिला सुमारे 8.9 अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला. एवढा दंड पाहिल्यावर बाकीच्या बँका ज्याला परवानगी आहे त्यालाही हात लावायला कचरतात. म्हणून ‘औषधांना निर्बंधातून सूट आहे’ आणि ‘निर्बंधांमुळे औषधं मिळत नाहीत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. औषध विकायला मनाई नसते, पण त्याचे पैसे पोचवायला बँक मिळत नाही. या मुद्द्यावर तासन्‌तास भांडणारे बहुधा दोघेही बरोबर असतात.

तेलाच्या दरमर्यादेचंही असंच. 5 डिसेंबर 2022 पासून जी-7 देशांनी (अमेरिका, ब्रिटन, जपान आदी सात श्रीमंत देश) ठरवलं की समुद्रमार्गे जाणारं रशियन कच्चं तेल पिंपाला 60 डॉलरच्या वर विकलं असेल, तर त्याला आमची जहाजं आणि आमचा विमा मिळणार नाही. हत्यार विम्याचं होतं, कारण जगातल्या सागरी जहाजांपैकी टनभारानुसार सुमारे 90 टक्क्यांना विमा देणाऱ्या मंडळांचा गट मुख्यतः याच देशांच्या कक्षेत येतो. त्यावर तोड म्हणून जुने टँकर विकत घेतले गेले, त्यांचे झेंडे बदलले आणि विमा कुणाचा ते धड कळेना. तेल वाहतच राहिलं. पण ‘तेल थांबलं नाही, म्हणजे योजना फसली’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. तेल थांबवायचंच नव्हतं, ते थांबलं असतं तर जगभर भाव भडकले असते. मोजायचंच असेल तर पिंपामागे रशियाच्या हातात किती उरले आणि वाहतुकीवर जादा किती गेले, ते मोजा.

आता स्वयंपूर्णता. इथे माझा एकच आग्रह असतो: एक पायरी खाली उतरा, म्हणजे वस्तू कशापासून बनते ते बघा. रशियाइतकं जंगल जगात कुणाकडे नाही. तरी 2022 च्या मार्चमध्ये तिथे कार्यालयीन पांढऱ्या कागदाची टंचाई झाली. लगदा होता, गिरण्या होत्या. लगदा पांढरा करायला क्लोरीन डायऑक्साइड लागतो, तो सोडियम क्लोरेटपासून बनतो, आणि हे क्लोरेट मुख्यतः फिनलंडहून यायचं. काही काळ कमी पांढरा कागद निघाला. हे दुखणं मात्र तात्पुरतं असतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरेट बनवणं जुनं तंत्र आहे. वीज आणि भांडवल असलं की बाकी प्रश्न वेळेचा.

विमान ही वेगळी गोष्ट. एमसी-21 हे रशियन प्रवासी विमान 2017 सालीच उडालं होतं. मग पंखांसाठी लागणारं अमेरिकी आणि जपानी कार्बन फायबरचं साहित्य निर्बंधांमुळे बंद झालं. देशी साहित्याचा पंख लावून ते उडायला 2021 चा डिसेंबर उजाडला. त्यानंतर इंजिनापासून आतल्या यंत्रणांपर्यंत बाकी परदेशी भागही बदलायची वेळ आली आणि विमानकंपन्यांना विमान देण्याची तारीख पुढे पुढे गेली. अडचण निव्वळ भाग बनवण्याची नसते. एक भाग बदलला की वजन आणि कंपनं बदलतात, चाचण्या आणि प्रमाणपत्र पुन्हा घ्यावं लागतं.

सगळ्यात वरच्या टोकाला चिप छापणारी यंत्रं आहेत. 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिप छापणारं यंत्र नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी विकते. त्यात वितळलेल्या कथलाचे सेकंदाला सुमारे 50,000 थेंब सोडून त्यांच्यावर लेझर मारतात. लेझर आणि आरसे जर्मनीतून येतात. म्हणजे हे यंत्र बनवणारा देशसुद्धा त्याबाबतीत स्वयंपूर्ण नाही.

मग नकारातून काहीच घडत नाही का? घडतं, पण किती काळात आणि कुठपर्यंत, ते सांगायला हवं. भारताला महासंगणक नाकारला गेल्यावर सी-डॅक या सरकारी संस्थेने 1991 मध्ये परम 8000 उभा केला. रचना आणि सॉफ्टवेअर आपलं, आतले प्रक्रियक (प्रोसेसर) मात्र ब्रिटिश कंपनी इनमॉसचे. जिथे अडलं होतं तिथेच ताकद लावली, बाकीचं बाजारातून आणलं. हाच त्यातला शहाणपणा. क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान अमेरिकी दबावामुळे मिळालं नाही. रशियाने सात तयार टप्पे तेवढे दिले. देशी क्रायोजेनिक टप्प्याचं जीएसएलव्ही या भारतीय रॉकेटवरचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं 5 जानेवारी 2014 ला. म्हणजे नकारानंतर वीस वर्षं, आणि मधल्या काळात ते आयात टप्पेच कामी आले.

धान्याच्या बाबतीत किंमत पाण्यात मोजावी लागते. सौदी अरेबियाने प्रचंड अनुदान देऊन गहू पिकवला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो गव्हाचा मोठा निर्यातदार झाला. पाणी होतं हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेलं, परत न भरणारं. 2008 मध्ये धोरण उलटं फिरवलं, 2016 मध्ये देशी गव्हाची सरकारी खरेदी थांबली.

कुणी आकडे फेकले तर ते असे तपासा. देशाचा एकूण व्यापार बघू नका, वस्तूचा सहा अंकी सीमाशुल्क संकेतांक घ्या. प्रक्रियक चिपांचा 854231, मेमरीचा 854232. देश स्वतःचे आकडे लपवत असेल (रशियाने 2022 मध्ये तपशील देणं थांबवलं), तर त्याच्याशी व्यापार करणाऱ्यांच्या नोंदी बघा. जवळपासच्या छोट्या देशाची आयात अचानक कित्येक पटींनी वाढली असेल, जशी युरोपातून किर्गिझस्तानकडे वाढली, तर माल पुढे जात असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. निर्यातदार आणि आयातदार यांच्या नोंदीतला थोडा फरक मात्र चोरटा व्यापार समजू नका. आयातीच्या किमतीत बहुतेक देश भाडं आणि विमा धरतात, निर्यातीच्या किमतीत तो नसतो. मूल्याबरोबर वजन किंवा नग बघा, कारण टंचाईत भाव दुप्पट झाला तर निम्मा मालही कागदावर पूर्वीइतकाच दिसतो. आणि तुलनेसाठी 2020 हे वर्ष घेऊ नका. त्या वर्षी साथीमुळे सगळ्यांचाच व्यापार बसला होता, त्याच्या पुढे कुठलीही वाढ मोठी दिसते.