अतिपरिचयादवज्ञा

फ्रीजचा आवाज आपल्याला बहुधा तो थांबतानाच ऐकू येतो. आपण वाचत बसलेलो असतो, एकदम डोक्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतं आणि मग कळतं, इतका वेळ घूं घूं चालू होती की! मला याची गंमत वाटते आणि थोडा अपमानही. कान माझे, आवाज शेजारच्या खोलीतला, आणि मला त्याचा पत्ता लागला तो संपल्यावर.

शाळेत पंचज्ञानेंद्रियं शिकताना आपली समजूत झालेली असते की बाहेर जे जे आहे ते सगळं ही मंडळी इमानेइतबारे आत पोचवतात. तसं नाही. बाहेर काय आहे यापेक्षा काय बदललं, यातच त्यांना जास्त रस असतो.

याचा पहिला भक्कम पुरावा एका बेडकाने दिला. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि त्यांचे स्वीडिश सहकारी इंग्वे झोटरमन यांनी बेडकाच्या एका लहानशा स्नायूवर ताण देऊन त्यातून निघणाऱ्या एकेका चेतातंतूतले विजेचे स्पंद टिपले. हे निष्कर्ष 1926 साली प्रसिद्ध झाले. वजन वाढवलं तरी स्पंद मोठे होत नव्हते, फक्त भराभर येऊ लागत. पण वजन तसंच लटकत ठेवलं की थोड्याच वेळात स्पंद विरळ होत जात. वजन तेवढंच, ताण तेवढाच, तक्रार मात्र कमी कमी. एड्रियन यांना 1932 सालचं नोबेल पारितोषिक चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासोबत विभागून मिळालं. बेडकाला अर्थात काही मिळालं नाही.

त्या स्पंदांची आणखी एक गोष्ट मला चक्रावून टाकते. प्रकाश असो, आवाज असो, नाहीतर पायाला बोचलेला खडा, आत जाणारे स्पंद सारख्याच जातीचे. ते मेंदूत कुठे पोचतात यावर त्यांचं ‘दिसणं’ होणार की ‘ऐकू येणं’, हे ठरतं. मिटलेल्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा बोटाने हलकेच दाबून बघा, नाकाच्या बाजूला उजेडाचं एक वर्तुळ दिसेल. उजेड कुठेच नाही, आहे तो फक्त दाब. पण डोळ्याच्या तारेवरून आलेली खबर म्हणजे उजेडाचीच, असं मेंदू धरून चालतो.

आता अंगातल्या कपड्यांचं बघू. सकाळी सदरा अंगात घालताना तो जाणवतो, नंतर दिवसभर नाही. (हे वाक्य वाचताना तुम्हाला तुमचा सदरा जाणवू लागला असेल, तर त्याबद्दल क्षमस्व.) यामागच्या कारागिरीचा एक सुंदर नमुना त्वचेच्या खोल थरात आहे, पाचिनीची कणिका. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, मध्ये चेतातंतूचं टोक आणि त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे, मधल्या फटींत द्रव. दाब पडला की पापुद्रे दबतात आणि आतलं टोक दचकतं. पण लगेच पापुद्रे सरकून, द्रव इकडेतिकडे होऊन तो दाब जिरवून टाकतात. दाब काढला की पुन्हा एक दचका. सुरुवात कळवली, शेवट कळवला, मधल्या काळात मौन. 1960 च्या दशकात वर्नर लोवेन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पापुद्रे चक्क सोलून काढले, तेव्हा उघडं पडलेलं टोक त्याच दाबाला कितीतरी जास्त वेळ प्रतिसाद देत राहिलं. म्हणजे हे विसरणं हा दोष नव्हे, त्यासाठी शरीराने खास बांधकाम केलेलं आहे. त्वचेत चिवटपणे खबर देत राहणारे ग्राहकही आहेत म्हणा, नाहीतर हातात धरलेला पेला आपण धरलाय हेच विसरून गेलो असतो.

डोळ्यांचं तर विचारूच नका. आपण एकटक बघतो म्हणतो तेव्हाही डोळे थरथरत असतात, सूक्ष्म हिसके देत असतात. ही थरथर थांबवली तर काय होईल? 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये डिचबर्न यांनी आणि अमेरिकेत रिग्ज यांनी ते करून पाहिलं. डोळा थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी घट्ट बसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सवर आरसा लावून अशी योजना केली की डोळा हलेल तसं समोरचं चित्रही हलेल. दृष्टिपटलावर चित्र एकाच जागी खिळलं, आणि काही सेकंदांत विरत विरत दिसेनासं झालं. समोरच आहे, लख्ख उजेडात आहे, डोळे उघडे आहेत, आणि काही दिसत नाही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो होतो.

याची घरगुती आवृत्ती स्विस डॉक्टर ट्रॉक्सलर यांनी 1804 मध्येच नोंदवून ठेवली आहे. एका ठिपक्यावर नजर रोखून धरा, कडेच्या फिकट गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. त्याहून नवल म्हणजे आपल्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या प्रकाशग्राहक पेशींच्या पुढ्यात आहेत, मागे नाहीत. त्यांची सावली जन्मापासून आपल्या प्रत्येक दृश्यावर पडलेली असते. ती दिसत नाही, कारण ती डोळ्यासोबतच हलते, पेशींवरची तिची जागा बदलत नाही. नेत्रतज्ज्ञ डोळ्याजवळ बारीक दिवा फिरवतात तेव्हा सावली क्षणभर सरकते आणि निष्पर्ण झाडासारखी एक आकृती चमकून जाते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या झाडाचं वर्णन केलं होतं.

तोल सांभाळणाऱ्या कानातल्या नलिकांची तीच तऱ्हा. त्यांना वेग कळत नाही, वेगातला फरक कळतो. नाकाबद्दल तर सांगायलाच नको. प्रत्येक घराला एक वास असतो आणि तो फक्त पाहुण्यांना येतो.

पण फ्रीजचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कानाने आणि मेंदूने तो आवाज खरोखर सोडून दिला असता, तर तो थांबल्याचं कळलं कुणाला? कुणीतरी ऐकतच होतं की. 1978 मध्ये फिनलंडच्या रिस्तो नेटेनेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असल्या पहारेकऱ्याची खूण शोधली. एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच एखादा जरा वेगळा. तो आला की सेकंदाच्या एकदोन दशांशात मेंदूच्या विद्युत्-लेखात एक ठळक फरक उमटतो. ऐकणारा पुस्तक वाचण्यात गुंग असला तरी उमटतो. याचा अर्थ मेंदू नेहमीच्या सुराचा नमुना मनाशी धरून बसलेला असतो आणि आलेलं प्रत्येक काही त्याच्याशी ताडून बघतो. जुळलं तर आपल्याला त्रास देत नाही. न जुळलं तरच हाक मारतो. आपण ज्याला जाणीव म्हणतो, तिच्यापर्यंत पोचणारी प्रकरणं अशी निवडून आलेली असतात.

एवढी सोय करणाऱ्याने एका ठिकाणी मात्र हात आखडता घेतला आहे. अत्तराचा सुगंध काही मिनिटांत मावळतो, नव्या गादीचा मऊपणा झोप लागण्याआधीच संपतो, पण ठणकणाऱ्या दाढेची सवय होत नाही. वेदनेचे तंतू सहसा थकत नाहीत. उलट इजा झालेल्या जागी पेशींतून अशी रसायनं झिरपतात की ते जास्तच हळवे होतात आणि एरवी ज्याची दखलही घेतली नसती अशा स्पर्शालाही ओरडू लागतात. उत्क्रांतीच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे, जखम विसरणारा प्राणी फार दिवस टिकत नाही. तरीही उन्हाने भाजलेल्या खांद्यावर सदरा चढवताना हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.