जूल यांचे पात्यांचे यंत्र : चौथी नोंद

इंग्लिश शास्त्रज्ञ जूल यांचा प्रयोग मी पुन्हा करून पाहत आहे: खाली उतरणारी वजने पाण्यात पाती फिरवतात, आणि पाणी किती तापले ते मोजून एका कॅलरीला (एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवणाऱ्या उष्णतेला) किती जूल कार्य लागते ते काढायचे. मागील नोंदीत वजने फार वेगाने खाली येत असल्याचे लिहिले होते, त्याचे कारण आता सापडले आहे. पाती फिरू लागताच तांब्याच्या भांड्यातील सगळे पाणी त्यांच्याबरोबर गोल फिरू लागे आणि पात्यांना पुरेसा विरोधच होत नसे. जेम्स प्रेस्कॉट जूल यांचे १८५० सालचे वर्णन पुन्हा वाचले, तेव्हा त्यांच्या भांड्यातील स्थिर पडद्यांचे महत्त्व ध्यानात आले. फिरणारी पाती त्या पडद्यांमधून वाट काढत जात. पितळी पत्र्याचे चार पडदे बसवल्यावर वजनांचा वेग सेकंदाला ५० सेंटिमीटरवरून १२ सेंटिमीटरवर आला. आसावाटे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जूल यांनी आसात लाकडाचा तुकडा जोडला होता, तसा मी सागाचा जोडला आहे.

रविवारी पहाटे, पंखा बंद ठेवून, ५ किलोची दोन वजने १.५ मीटर उंचीवरून २० वेळा सोडली. म्हणजे एकूण कार्य सुमारे २९४० जूल झाले. भांड्यात दीड लिटर पाणी होते, आणि तापमान वाढले अवघे ०.४४ अंश सेल्सिअस. जूल यांचे पाणीही इतक्याच खेपांत अर्ध्या अंश फॅरनहाइटपेक्षा थोडेसेच अधिक तापत असे. ती वाढ जॉन डान्सर यांनी बनवलेल्या तापमापकांवर त्यांनी ज्या बारकाईने वाचली, त्याबद्दलचा माझा आदर या पहाटेनंतर फार वाढला आहे.

या ०.४४ मध्ये खोलीच्या उष्णतेचा वाटा किती, हे ठरवण्यासाठी त्यांच्याच पद्धतीने तेवढाच वेळ पाती न फिरवता वाचन घेतले. त्यात ०.०३ अंश वाढ दिसली. ती वजा करून आणि ८०० ग्रॅम तांब्याने घेतलेली उष्णता धरून एका कॅलरीला ४.५५ जूल हे उत्तर मिळाले. मान्य मूल्य ४.१९ च्या जवळपास आहे, म्हणजे माझे उत्तर सुमारे ९ टक्क्यांनी जास्त आहे. जूल यांचे ७७२ फूट-पौंड (एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारे कार्य) हे मूल्य आजच्या मूल्यापेक्षा एक टक्काही कमी-जास्त नव्हते.

उत्तर जास्त येण्यामागे मला कप्प्यांचा संशय आहे, कारण त्यांच्या घर्षणात खर्च झालेले कार्य पाण्यापर्यंत पोहोचत नाही. जूल यांनी ते घर्षण वेगळे मोजून वजा केले होते. पुढच्या रविवारी पाती सोडवून, केवळ कप्प्या आणि दोरी सावकाश चालू ठेवायला किती ग्रॅम वजन लागते, ते मोजणार आहे.